साष्टी कोणत्या लढाईत गेली?

पेशव्यांच्या घरातली यादवी आपल्याला माहीत असते ती मुख्यतः नाटक-कादंबऱ्यांतून. खाडिलकरांचं 'भाऊबंदकी' १९०९ सालचं, रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ची. शनिवारवाडा, गारदी, रामशास्त्री प्रभुणे एवढं मनावर ठसतं आणि पडदा पडतो. नारायणरावांचा खून झाला ३० ऑगस्ट १७७३ला. त्याआधी अकरा वर्षं आणि त्यानंतर नऊ वर्षं हे भांडण रणांगणावर चाललं होतं, ते मात्र मागे पडतं. या लढाया एकीतून दुसरी कशी निघाली ते समजून घेतलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. त्यातही आम्हा उपनगरवाल्यांनी तर नक्कीच. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सगळी ज्या साष्टी बेटावर वसली आहेत, ते बेट याच यादवीत मराठ्यांच्या हातून गेलं.

या विषयावर माझ्याशी हिरिरीने वाद घालतात ते अण्णा. माझ्या वडिलांचे जुने स्नेही, मुलुंडला राहतात, आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. मी वकील. उपनगरातल्या जमिनींचे दस्त तपासणं हे माझं रोजचं काम. अण्णा लढाईकडे सेनापतीच्या नजरेने बघतात, मी ताबा कुणाकडे गेला ते बघते. आमचं हे बोलणं इथे मांडते आहे, कारण दोघांपैकी कुणीही अजून माघार घेतलेली नाही.

अण्णा : सुरुवात आळेगावपासून कर. नोव्हेंबर १७६२. पानिपताला दोन वर्षंही झालेली नाहीत, पेशवे माधवराव सतरा वर्षांचे. राघोबादादा निजामाची मदत घेऊन सख्ख्या पुतण्यावर चालून आले. आधी घोडनदीवर गाठ पडली, मग भीमेकाठी आळेगावला पेशव्यांच्या फौजेचा मोड झाला. त्यानंतर माधवरावांनी काय केलं, ते महत्त्वाचं. पळाले नाहीत, नवी फौज उभी करत बसले नाहीत. उठून थेट काकांच्या छावणीत गेले आणि स्वाधीन झाले.

मी : म्हणजे हरले, अण्णा.

अण्णा : लढाई हरले, दौलत दुभंगू दिली नाही. यादवीत हीच मोठी समज असते. शत्रूशी लढताना हरलेला माणूस पुन्हा उभा राहायला बघतो. घरातल्या लढाईत तो जितका लांबवेल तितका बाहेरचा आत शिरतो. माधवरावांना ते सतराव्या वर्षी कळलं. आणि नऊ महिन्यांत, १० ऑगस्ट १७६३ला, गोदावरीकाठी राक्षसभुवनला हेच काका-पुतणे एका बाजूने लढले. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथे पडला.

मी : मधले नऊ महिने तुम्ही गाळलेत. आळेगाव जिंकल्यावर दादांनी जुने हिशेब चुकते करायला घेतले. गोपाळराव पटवर्धनांच्या मिरजेवर चाल करून गेले. पटवर्धन दुखावले आणि निजामाला जाऊन मिळाले. मग त्याच निजामाच्या फौजेने १७६३च्या उन्हाळ्यात पुणं लुटलं, जाळलं. दादांनी ज्याला हाताला धरून घरात आणलं, त्यानेच घराला आग लावली. राक्षसभुवनचा विजय मोठा, पण तो आपणच ओढवून घेतलेलं संकट निस्तरण्याचा विजय होता.

अण्णा : हे मान्य. पण बघ, इथे लढाईनेच दुरुस्ती झाली. तुझ्या कागदांनी नाही.

मी : धोडपला काय झालं?

अण्णा : धोडप म्हणजे माधवरावांच्या लष्करी बुद्धीचा कळस! जून १७६८. चांदवडच्या डोंगररांगेत तो किल्ला आहे, माथ्यावरची कातळाची शेंडी लांबून ओळखू येते. दादांनी त्याच्या पायथ्याला फौज जमवली होती. दामाजी गायकवाडाने मुलाला त्यांच्या मदतीला पाठवलं होतं, होळकरांचे दिवाण गंगोबातात्या सोबत होते आणि नागपूरहून जानोजी भोसले यायच्या बेतात होते. पाऊस तोंडावर. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, दसरा होऊ दे, मग बघू. माधवरावांनी ओळखलं की पाऊस पडून गेला की जानोजी येऊन मिळणार. म्हणून ते ऐन मृगाच्या तोंडावर झपाट्याने आले आणि १० जूनला घाव घातला. दादा किल्ल्यात शिरले, पण टिकले नाहीत. त्यांना पुण्याला आणून शनिवारवाड्यात ठेवलं. सोबत्यांचा एकेकाचा समाचार पुढे यथासांग घेतला. ही लढाई नुसती किती माणसं पडली यावरून मोजशील तर किरकोळ वाटेल. ती मोजायची वेळेवरून.

मी : माझ्याही दप्तरात १७६८च्या आसपासची एक नोंद आहे. नोव्हेंबर १७६७मध्ये मुंबईकर इंग्रजांनी आपला वकील मोस्टिन याला पुण्याला पाठवलं आणि ब्रूमला वेगळा दादांकडे, नाशिकला. घरात दोन चुली आहेत, हे त्यांनी धोडपच्या आधीच हेरलं होतं. त्यांची नजर कशावर होती? साष्टी आणि वसईवर. मुंबई बेटाला स्वतःपुरता भात पिकत नव्हता. खाडीपलीकडे साष्टी पसरलेली, शेतं, मिठागरं, ताडाची बनं, आणि ठाण्याच्या खाडीतून कल्याणकडे जाणारी जलवाट तिच्या हातात. १७३७ला मराठ्यांनी ती पोर्तुगिजांकडून घेतली, १७३९ला चिमाजीअप्पांनी वसई घेतली. तेव्हापासून इंग्रजांच्या दारासमोर मराठ्यांचा पहारा होता. तुम्ही धोडपचं वर्णन करता तेव्हा नकाशाच्या कोपऱ्यात बसून कुणीतरी ती लढाई मन लावून बघत होतं.

अण्णा : बघणाऱ्याला कोण अडवणार? माधवराव असेपर्यंत त्यांना नुसतं बघावंच लागलं. १८ नोव्हेंबर १७७२ला थेऊरला माधवराव गेले आणि सगळा धरबंद सुटला.

माधवरावांमागून पेशवे झालेल्या त्यांच्या धाकट्या भावाच्या, नारायणरावांच्या, खुनाच्या प्रकरणावर आम्ही फार बोलत नाही. दादा स्वतः किती दोषी, हे रामशास्त्र्यांनी ठरवून टाकलं आहे आणि दोघांनाही ते मान्य आहे. आमची खरी जुंपते ती त्यानंतरच्या काही महिन्यांवर.

अण्णा : कासेगाव! या साऱ्या मोहिमेतली सगळ्यात मोठी हुकलेली संधी. दादा पेशवे होऊन कर्नाटकाकडे गेले होते. इकडे सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्र्यंबकमामा पेठे वगैरे बारभाईंनी नारायणरावांच्या विधवा गंगाबाईंना पुरंदरावर नेलं आणि त्यांच्या नावाने कारभार सुरू केला. बाई गरोदर, पोटी मुलगा होईल की मुलगी, कुणाला माहीत? इतक्या नाजूक धाग्यावर राज्य लटकलं होतं. दादा उलटे फिरले आणि २६ मार्च १७७४ला पंढरपूरजवळ कासेगावला त्यांनी पेठ्यांचा पुरता धुव्वा उडवला. त्र्यंबकमामा जखमी होऊन हाती लागले, त्यातच गेले. त्या दिवशी दादांच्या आणि पुरंदराच्या मध्ये कुणी उभं नव्हतं. सवाई माधवरावांचा जन्म १८ एप्रिलचा. म्हणजे तीन आठवडे होते दादांच्या हातात.

मी : मागून हरिपंत आणि निजामाची फौज येत होती ना?

अण्णा : येत होती. पण म्हणूनच पुढे जायला हवं होतं! दादा लढवय्ये होते, १७५८ला लाहोर गाठलेला माणूस तो. पण लढाई जिंकल्यावर तिचं करायचं काय, हे त्यांना कधीच समजलं नाही. आळेगावनंतर मिरजेला गेले, कासेगावनंतर बऱ्हाणपूरला. शिंदे-होळकर मदतीला येतील, या आशेवर उत्तरेकडे वळले. ते आले नाहीत. तिथून गुजरात, आणि गुजरातेतून इंग्रजांचा उंबरठा. दादा पुरंदराकडे गेले असते तर इंग्रजांची गरजच पडली नसती. तुझी साष्टी गेली ती कासेगावच्या त्या वळणावर.

मी : नाही. साष्टी गेली ती ठाण्याला, आणि ती लढाई तुमच्या यादीत कधीच नसते.

इथे मला थोडं थांबायचं आहे. ठाण्याच्या कोर्टात कामाला जाते तेव्हा मध्यवर्ती कारागृहाच्या कडेने वाट जाते. काळ्या दगडाची उंच भिंत, पावसाळ्यात तिच्या सांध्यांतून उगवलेलं गवत, मध्येच पुढे आलेला बुरूज. कैद्यांना भेटायला आलेले नातेवाईक तिच्या सावलीत उभे असतात. हाच तो ठाण्याचा किल्ला. पोर्तुगिजांनी १७३०ला बांधायला घेतला आणि तो पुरा व्हायच्या आत मराठ्यांनी जिंकला. मुलुंडचा चेकनाका इथून किती लांब? रिक्षाने पंधरा मिनिटं. तरीही या भिंतीखाली काय घडलं, ते आमच्याकडे क्वचितच कुणी सांगतं.

डिसेंबर १७७४मध्ये मुंबईचा गव्हर्नर हॉर्नबी याने जनरल गॉर्डनच्या हाताखाली फौज पाठवली. गोव्याहून पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यायला येतंय, हे कारण इंग्रज पुढे करत होते. बारभाईंची फौज तेव्हा दादांच्या पाठलागावर गुजरात-माळव्यात गुंतलेली. किल्ल्यातल्या शिबंदीने निकराने प्रतिकार केला. इंग्रजांचा आरमारी अधिकारी वॉटसन या वेढ्यात प्राणाला मुकला. खंदक बुजवून आत घुसण्याचा पहिला प्रयत्न फसला, त्यात त्यांची बरीच माणसं पडली. २८ डिसेंबरला मात्र ते शिरले आणि किल्ल्यातल्या बहुतेकांची कत्तल झाली. त्याच मोहिमेत वर्सोव्याचा किल्लाही पडला, आज आपण ज्याला मढचा किल्ला म्हणतो तो. नवं वर्ष उजाडलं आणि थोड्याच दिवसांत सगळं बेट इंग्रजांच्या ताब्यात होतं.

अण्णा : आणि यात दादांचा हात नव्हता, हेही सांग. दोष द्यायचा तर पुराव्यानिशी दे. साष्टी-वसई द्या, मग मदत करतो, असं इंग्रज तेव्हा दादांना म्हणत होते आणि दादांनी साफ नकार दिला होता. चिमाजीअप्पांचे ते सख्खे पुतणे. काकांनी रक्त सांडून घेतलेला मुलूख विकायला त्यांचं मन धजत नव्हतं. म्हणून तर इंग्रजांनी तो बळाने घेतला.

मी : हे मी नाकारत नाही. दादांना नुसतं द्रोही म्हणून फाईल बंद करणं मलाही पटत नाही. पण फेब्रुवारी १७७५मध्ये मही नदीवर हरिपंतांनी त्यांना मोडलं, ते खंबायतेला आणि तिथून सुरतेला पळाले, आणि ६ मार्चला सुरतेच्या तहावर त्यांनी सही केली. साष्टी आणि वसई दोन्ही लिहून दिली, अडीच हजार माणसांच्या मदतीसाठी. आधी ताबा, मग दस्त. माझ्या धंद्यात हे रोज बघायला मिळतं. भावाभावांचा दावा कोर्टात वर्षानुवर्षं चालतो आणि दरम्यान तिसराच मोकळ्या प्लॉटवर पत्रे ठोकून बसतो. मग त्यातल्या एका भावाला अडचणीत गाठून कागद करून घेतो. 'कबजा सच्चा, झगडा झूठा' हे आमच्या बाररूममधलं पहिलं शहाणपण. तुम्ही लढायांचे निकाल मोजता, मी एवढंच बघते की २८ डिसेंबर १७७४ नंतर कुठल्या निकालाने साष्टीचा ताबा हलला. तुम्हीच सांगा.

अण्णा : अडास. १८ मे १७७५, गुजरातेत आणंदजवळ. इंग्रज कर्नल कीटिंगची फौज दादांच्या बाजूने, समोर हरिपंत.

मी : मैदान इंग्रजांकडे राहिलं, पण त्यांचे कितीतरी अधिकारी पडले. पुण्याकडे जायची हिंमत उरली नाही. ताबा तसाच. मग कलकत्त्याच्या कौन्सिलने मुंबईकरांचे कान उपटले, सुरतेचा तह रद्दबातल ठरवला, कर्नल अप्टनला पाठवून १ मार्च १७७६ला पुरंदरचा तह केला. ताब्याला आधार देणारा दस्तच रद्द झाला, तरी साष्टी त्यांच्याकडेच राहिली.

अण्णा : मग वडगाव! इथे तू गप्प बसणार आहेस.

मी : सांगा, सांगा. वडगाव मलाही प्रिय आहे.

अण्णा : १७७८च्या अखेरीस मुंबईकर पुन्हा दादांना घेऊन निघाले. सुमारे ३,९०० माणसं आणि सामान वाहायला १९,००० बैल! बोरघाट चढून आले आणि तिथेच अडकले. महादजी शिंदे आणि तुकोजी होळकरांनी समोरासमोर लढाई दिलीच नाही. चारा जाळला, गावं रिकामी केली, रसद तोडली, दिवसरात्र टोचत राहिले. खंडाळ्यापासून तळेगावपर्यंतचं अंतर कापायला त्यांना दहाएक दिवस लागले. कार्ल्याला ४ जानेवारी १७७९ला त्यांचा कॅप्टन स्टुअर्ट पडला. त्याच्या धाडसावर मराठे इतके खूश की त्याला 'इष्टुर फाकडा' म्हणायचे. शत्रूला असं नाव देणारी फौज आतून किती निर्धास्त असेल, विचार कर. तळेगावला पोचले तर गावाची राख झालेली. ११ जानेवारीच्या रात्री तोफा तळ्यात टाकून ते माघारी निघाले, आणि वडगावला पुरते घेरले गेले. तिथे त्यांनी करार लिहून दिला. १७७३ नंतर घेतलेलं सगळं परत. त्यात साष्टी आली. आलं लक्षात? अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, सगळं महादजींनी परत मिळवलं होतं.

मी : कागदावर. महादजींनी दोन ओलीस ठेवून घेतले आणि ती फौज जाऊ दिली. फौज मुंबईला पोचली आणि करार आम्हाला मान्य नाही म्हणून हॉर्नबी मोकळा झाला. ताबा आधी, सुटका नंतर, असं का नाही केलं? ठाणं आणि वर्सोवा रिकामं झाल्याशिवाय एक माणूस हलू द्यायचा नव्हता.

अण्णा : हे आज सांगणं सोपं. तहाचा शब्द मोडला जाणार नाही, असं समजणारा तो काळ होता.

मी : त्याच काळात निजाम, भोसले, गायकवाड, दादा स्वतः, सगळ्यांनी शब्द फिरवलेले होते, अण्णा. आणि दादाही हाती आले होते. त्यांना झांशीकडे रवाना केलं, तर वाटेतच निसटून ते सुरतेला इंग्रज सेनापती गॉडार्डला जाऊन मिळाले. एका विजयाची दोन्ही फळं अशी हातातून निसटली. पुढे डिसेंबर १७८०मध्ये वसई पडली, ती सोडवायला गेलेले मराठा सरदार रामचंद्र गणेश वज्रेश्वरीजवळ दुगाडला मारले गेले. एप्रिल १७८१मध्ये बोरघाटात गॉडार्डला हरिपंत आणि परशुरामभाऊ पटवर्धनांनी पिटाळलं. आपण जिंकलो. साष्टीचा ताबा? तिथेच.

अण्णा : तू साष्टीपुरतं बघतेस, नानांना सगळं राज्य बघायचं होतं. सालबाईचा तह १७ मे १७८२चा. काय मिळालं? वसई परत. सवाई माधवराव हेच पेशवे, यावर इंग्रजांचा शिक्का. दादांना महिना पंचवीस हजारांची नेमणूक आणि राजकारणातून कायमची रजा. ते कोपरगावला गेले आणि १७८३च्या डिसेंबरात वारले. यादवीचं कारणच संपलं, आणि इंग्रजांशी वीस वर्षं लढाई नाही. त्या बदल्यात एक बेट गेलं. इंग्रजांशी लढणारा म्हैसूरचा हैदर अली मेल्यावरच नानांनी तहावर मोहोर उठवली, म्हणजे शेवटपर्यंत तोलून-मापून केलेला निर्णय होता तो. मी नानांच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

मी : इथेच मी तुमच्याशी कधी सहमत होणार नाही. साष्टी म्हणजे नुसतं एक बेट नव्हतं. मुंबई बेट एकटं असतं तर समुद्रातली वखार होऊन राहिलं असतं. साष्टी मिळाल्यावर त्याला भात मिळाला, मीठ मिळालं, खाडीचं कुलूप मिळालं आणि मुख्य म्हणजे कोकणच्या जमिनीवर पाय ठेवायला जागा मिळाली. १८०५च्या सुमाराला त्यांनी शीवचा बांध घालून दोन्ही बेटं जोडली. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, ती घाटकोपर-मुलुंडच्या याच जमिनीवरून. कंपनीने पवई फ्रामजी कावसजींना दिली, आणखी कितीतरी गावं अशीच वाटली. आजही एखाद्या जुन्या जमिनीचा शोध घेत मागे गेलं की १९५१चा साष्टी इस्टेट्सचा कायदा आडवा येतो आणि त्याच्यामागे कंपनीच्या सनदा. माझ्या टेबलावरच्या निम्म्या भांडणांचं मूळ तिथे आहे.

अण्णा : तो पुढचा इतिहास. नानांना १७८२ला आगगाडी दिसायला हवी होती, असं म्हणणं अन्याय आहे.

मी : आगगाडी नका धरू. वीसच वर्षांनी काय झालं, ते धरा. २५ ऑक्टोबर १८०२ला हडपसरला पुन्हा घरचीच लढाई. यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशव्यांच्या एकत्र फौजेला हरवलं. पेशवे कोण? दुसरे बाजीराव, त्याच राघोबादादांचे चिरंजीव. ते पळाले ते कुठे? वसईला. का? कारण पलीकडच्या तीरावर इंग्रज बसलेले होते. ३१ डिसेंबर १८०२ला तिथे जो तह झाला, त्यात पेशवाईच गहाण पडली. नानांनी वसई परत मिळवली खरी, पण खाडीच्या अलीकडची बाजू देऊन टाकली होती.

अण्णा : हडपसरला बाजीराव हरले नसते तर वसईला गेलेच नसते. म्हणजे शेवटी लढाईच ना?

मी : लढाईने ते पळाले. साष्टीने ते कुठे पळणार, हे ठरवलं.

अण्णा यावर 'वकिली थांबव' म्हणतात आणि कासेगावचा नकाशा पुन्हा काढतात. त्यांचं एक म्हणणं मला पूर्णपणे पटलेलं आहे: लढाया क्रमाने वाचल्याशिवाय ही यादवी कळत नाही, आणि प्रत्येक लढाईनंतर जिंकणारा कुठे वळला, ते बघितल्याशिवाय लढाई कळत नाही. माझं एक म्हणणं त्यांनी अजून मान्य केलेलं नाही, म्हणून ते वाचकांपुढे ठेवते. पेशव्यांच्या यादवीतली सर्वांत निर्णायक लढाई ठाण्याची, जिथे पेशव्यांच्या घरातलं कुणीच हजर नव्हतं.

उपनगरातल्या शाळांत इतिहास शिकवणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. आळेगाव, धोडप, कासेगाव, अडास, वडगाव ही यादी फळ्यावर लिहाल तेव्हा कासेगाव आणि अडासच्या मध्ये 'ठाणे, २८ डिसेंबर १७७४' एवढी एक ओळ घाला. जमलं तर मुलांना वर्सोव्याहून तरीने पलीकडे न्या आणि मढचा किल्ला बाहेरून तरी दाखवा. सवाई माधवराव तेव्हा आठ महिन्यांचे होते आणि त्यांची फौज गुजरातेत होती, हे तिथेच उभं राहून सांगा.